समुद्राच्या खाली मांडलेला माग

फोरबर्ग या डच गावाबाहेर कुरणांत मेंढरं आहेत, चांगली गुबगुबीत. कोरोनात त्यांच्या लोकरीला गिऱ्हाईकच उरलं नाही. मेंढपाळ म्हणायचा, फेकायलाही पैसे पडतात. त्याच्या गोठ्यातली पोत्यांची थप्पी मी हातानं चाचपून बघितली. आमच्या माणदेशात लोकरीच्या एका बोचक्यापायी भावाभावांत बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय.

मी पोराकडं थोड्या दिवसांसाठी आलो होतो. विमानं बंद झाली आणि अडकलो. सुनेची प्रवास कंपनीतली नोकरी त्याच दिवसांत गेली. इथल्याच मातीतली लोकर, जवसाचा धागा असलं काही करणाऱ्या छोट्या धंद्यांना पैसा देणारी एक संस्था तिनं शोधून काढली.

"मामा, त्यांना माग चालताना दाखवायचाय. तुम्ही घोंगडं विणा. पैसा मिळाला तर माझं काहीतरी उभं राहील. नाहीतर गोदामात खोकी भरायला जायचं."

चौथीतनं शाळा सुटली माझी, पण माझ्या घोंगड्याला कुणी नाव ठेवलं नाही. म्हटलं, माग मी बांधतो.

पोरानं लाकूड आणून दिलं. मी घरामागच्या शेडातल्या फरशा उचकटायला लागलो, तशी सून धावत आली.

"खड्डा नको मामा. ओटा करू. आपण समुद्राच्या पातळीच्या खाली राहतो, इथं लगेच पाणी लागतं."

"ओट्यावर भाजी विकतात. माग खड्ड्यातच असतो, पाय खाली सोडून. जमिनीचा गारवा नसला तर उभ्या धाग्यांचा ताणा तडातडा तुटतो."

आमच्याकडं विहीर खणता खणता माणूस म्हातारा होतो आणि वर येते ती दगडाची भुकटी. इथं गुडघाभर गेलो आणि तळाला पाणी चकाकलं. बादलीनं उपसलं, सकाळी पुन्हा तेवढंच. प्लास्टिक अंथरलं, ते पाण्यानं वर उचललं. सून दारात उभी राहून बघायची. शेवटी पोराचे गमबूट घातले, फळीवर बसलो, पाय पाण्यात सोडले आणि विणायला घेतलं.

नियम जरा सैल झाले तेव्हा संस्थेची दोन माणसं आली. एक उंच बाई, एक दाढीवाला. तोंडाला मास्क, माझ्यापासनं दीड मीटर लांब उभी. त्या दिवशी धोटा धाग्यांतनं असा पळत होता की काय सांगू. काठ सुतात धरल्यासारखा सरळ. बाई वाकली, पण कापडाकडं नाही, माझ्या पायांकडं.

"पाय गारठत नाहीत का, विचारतायत," सून म्हणाली.

"त्यांना म्हणावं, कापडाला हात लावून बघा."

सून हसत हसत इंग्रजीत बरंच बोलली. मला इंग्रजी येत नाही, पण माझं वाक्य एवढं लांब नव्हतं हे कळतं.

मग दाढीवाल्यानं विचारलं, आजोबा आजारी पडले तर इथं कोण बसणार?

"मी आजारी पडत नाही," म्हणालो, आणि नेमका खोकला आला. दोघंही मागं सरकली. गारठ्याचा खोकला होता. पण त्या दिवसांत खोकल्याला कूळ कोण विचारतंय!

पुढं संस्थेचा फोन आला. मी त्याच खोलीत बसलो होतो. सून बोलता बोलता उभी राहिली, डोळे पुसले, हो हो म्हणाली. फोन ठेवून मला सांगितलं, पैसा मंजूर झाला. मात्र उभा, तयार माग घ्यायचा, तिनं स्वतः शिकायचं, आणि नुसती घोंगडी न करता उशांचे अभ्रेही करायचे. आजोबांनी सल्ला द्यावा.

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणालोच असतो."

"मग?"

पोरगा मध्ये पडला. "आबा, तुम्ही मोकळे झालात की आता."

बैल बाजारात नेताना दावं सोडतात, तेव्हाही असंच म्हणतात.

त्यानं माझा माग सोडवला, खड्ड्यात वाळू भरली, वर फरशा बसवल्या. नवा माग आला. एक डच बाई कॉम्प्युटरवरून सुनेला शिकवायची. मी शेडाकडं फिरकलो नाही. सून दारातनं हाक मारायची, "मामा, ताणा ढिला पडतोय, बघता का जरा?" मी म्हणायचो, "तुझ्या बाईला विचार." मग तिनं हाक मारणं सोडलं.

पहिलं कापड उतरलं तेव्हा तिनं ते आणून माझ्या मांडीवर ठेवलं. उबदार, इथल्या मेंढरांच्या वासाचं. मी काठावरनं बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग उलटं करून पुन्हा फिरवलं. कुठं अडकलं नाही.

"कसं झालंय?"

"याचं काय करणार?"

"अभ्रे. पहिली ऑर्डर आलीय." तिचा आवाज खाली गेला. "कापावं लागेल, मामा."

मी घडी घातली आणि तिच्या हातात दिली.

"कात्री वरच्या खणात आहे," म्हटलं.