श्रावस्तीचा गुडघा

श्रावस्ती रंगारीचा गुडघा मी मोडला. तिला हात न लावता, जिन्यात उभ्या उभ्या, एका वाक्यात मोडला. पण तिच्या बापाची ओळख करून दिल्याशिवाय ते कसं घडलं हे कळायचं नाही, म्हणून आधी गोपीनाथ रंगारी.

बहरीनमध्ये, गुदैबिया भागात, आमची दारं समोरासमोर आहेत, सतरा वर्षं झाली. मी रायगडातल्या म्हसळ्याचा जमालुद्दीन, सीफमधल्या एका कार्गो कंपनीत क्लार्क. ते भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचे, मआमीरच्या बाजूला एका कारखान्यात सेफ्टी इन्स्पेक्टर. माणूस इतका सरळ की त्यांच्या गाडीत बसणं ही शिक्षा. रस्ता मोकळा असला तरी ऐंशीच्या पाटीखालून ते अठ्ठ्याहत्तरनेच जाणार. एकदा घाईत हेल्मेट न घालता प्लांटमध्ये अकरा पावलं गेले, तर परत येऊन त्यांनी स्वतःविरुद्धच रिपोर्ट लिहिला. मॅनेजरने कपाळाला हात लावला म्हणे. मी विचारलं, पावलं मोजलीत कशी? तर म्हणाले, "रिपोर्टात लिहावं लागते ना."

त्यांच्या घरात बुद्धमूर्तीच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोशेजारी आणखी एक फोटो आहे, वर्दीतल्या वडिलांचा. वडील लष्करात हवालदार होते. गोपीनाथ स्वतः कामठीला दोनदा भरतीला गेले आणि तळपाय सपाट म्हणून दोन्ही वेळा परत आले. त्यामुळे थोरली मुलगी श्रावस्ती बारावीनंतर लष्कराच्या अकादमीत निवडली गेली तेव्हा हा कमी बोलणारा माणूस पार बदलला. अख्ख्या बहरीनला त्यांनी ती बातमी सांगितली. खाली ओवैसच्या किराणा दुकानात तर दूध घ्यायला आलेल्या अनोळखी माणसालाही सांगितली. आम्ही चिडवायचो, पण आम्हालाही आनंद झाला होता. ती पोरगी आमच्या डोळ्यांसमोर वाढलेली.

दीड वर्षानं, फेब्रुवारीत, तिचा फोन आला. मला सोडायचंय.

आजारी नव्हती, नापास नव्हती, कोणी त्रासही देत नव्हतं. बारा किलोमीटरच्या धावण्यात मुलींमध्ये दुसरी आली होती. मग सोडायचं का, तर ती एवढंच म्हणाली की जमतंय सगळं, पण मला हे आयुष्य नकोय. पालकाची संमती हवी होती. गोपीनाथांनी चार दिवसांची लीव्ह टाकली, पुण्याला गेले, तिथल्या अधिकाऱ्यानं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा हो म्हणाले आणि सही करून मुलीला घेऊन आले. त्या सहीबद्दल मी त्यांना आजही सलाम करतो. मोठेपणाच्या गोष्टी करणारे पुष्कळ बाप मी पाहिलेत, हाताशी पेन आल्यावर त्यांचा हात लुळा पडतो.

पण सही केली तरी मन कुठं लगेच तयार होतं? विमानतळावरून मीच दोघांना आणलं. मुलगी मागच्या सीटवर झोपली आणि हे हळू आवाजात म्हणाले, "जमालभाई, मले समजतच नाई. जमत होतं तं सोडलं काहून?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं जिना उतरत होतो, समोरून ओवैस वर येत होता. "अरे, कॅडेट छुट्टी पे आई है?" त्यानं विचारलं. गोपीनाथांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मला ते बघवेना. मी बोलून गेलो, "घुटना. लिगामेंट गया बेचारी का. मेडिकल पे भेज दिया."

गोपीनाथांनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणाले नाहीत. स्वतःविरुद्ध रिपोर्ट लिहिणाऱ्या माणसाला मी खोटं बोलायला लावलं, आणि वर मला वाटलं मी उपकार केले.

संध्याकाळपर्यंत गुडघा गुदैबियाभर झाला. ओवैसनं मलम पाठवलं, पैसे घेतले नाहीत. कोणी तेल दिलं, कोणी पट्टा दिला. माझ्या बायकोनं, महमुदानं, आंबेहळदीचा लेप करून दिला आणि नंतर खरं कळल्यावर मला धारेवर धरलं. "तुमाला काय पडली व्हती? चांगल्या पोरीला लंगडी केलंत!" श्रावस्तीची आई, पुष्पलतावहिनी, भांडल्या नाहीत. त्यांनी सगळी मलमं, तेलं आणि पट्टे एका पिशवीत भरले, आमच्या दारात आणून ठेवले आणि म्हणाल्या, "भाऊजी, हे तुमच्या जिभेले लावा."

त्यातच जयंती आली. चौदा एप्रिल आमच्याकडे जवळच्या शुक्रवारी साजरी होते, हॉल भाड्यानं घेऊन. आम्ही दरवर्षी सहकुटुंब जातो. कार्यक्रमपत्रिका श्रावस्ती परत यायच्या आधीच छापली होती आणि तिच्यात ठळक अक्षरांत होतं, विशेष सत्कार, कॅडेट श्रावस्ती गोपीनाथ रंगारी. समितीचा फोन आला. रद्द करायला नव्हे. जखमी कॅडेट म्हणून सत्कार आणखी शोभून दिसेल, तिला फक्त हळूहळू स्टेजवर आणा. गोपीनाथ "बघतो" म्हणाले. बघतो म्हणजे काय ते मला कळलं. मुलीनं शेपाचशे माणसांसमोर लंगडायचं.

बुधवारी सकाळी मी ऑफिसला निघालो होतो. श्रावस्ती सकाळचं धावणं संपवून परतत होती, घामानं ओली, दोन-दोन पायऱ्या चढत. वळणावर तिला ओवैस दिसला, पाण्याची बाटली पोचवायला आलेला. आणि ती चटकन लंगडायला लागली. उजव्या पायानं. आदल्या दिवशी डाव्या पायानं लंगडत होती. ओवैसनं "धीरे बेटा" म्हणत तिला वाट दिली.

दारात गोपीनाथ उभे होते. त्यांनी ते पाहिलं. ओवैस खाली गेला तरी ती दारापर्यंत लंगडतच गेली, आणि मग बापासमोर सरळ उभी राहिली. ही मुलगी घरात इंग्रजीच बोलते, त्या दिवशीही इंग्रजीतच बोलली, पण तिचं म्हणणं मी माझ्या भाषेत सांगतो. "बाबा, सोडलं म्हणून सांगा. कोणालाही सांगा. पण जमलं नाही असं सांगू नका."

ती आत गेली. गोपीनाथ उंबऱ्यातच उभे होते, चष्मा काढलेला, डोळे भरलेले. मी जवळ गेलो तर म्हणाले, "माझी पोट्टी लंगडली जी. माझ्यासाठी लंगडली." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

शुक्रवारी हॉल भरला होता. पहिल्या रांगेत शाल घेऊन बाळाजी बसलेले, निवृत्त सुभेदार, आता सीफच्या एका मॉलमध्ये सुरक्षा पाहतात. सत्कार त्यांच्या हस्ते होता. गोपीनाथांना सगळ्यात जास्त धाक कोणाचा असेल तर त्यांचा. वंदना झाली, भाषणं झाली, आणि सूत्रसंचालन करणाऱ्या कश्मिरानं नाव पुकारलं. श्रावस्ती उठायच्या आत गोपीनाथ उठले आणि माइकसमोर जाऊन उभे राहिले. 

"जयभीम. माझ्या मुलीच्या गुडघ्याले काही झालं नाई. तिले सगळं जमत होतं. तिले ते नको होतं, म्हणून तिनं सोडलं. सही मी केली. आणि मग खोटं बोललो, कारण मले लाज वाटली. लाज तिची नाई वाटत आता. माझी वाटते."

मग सुभेदार बाळाजी उठले.

"पोरी, बारा किलोमीटरला कितवी आली होतीस?"

"मुलींमध्ये दुसरी, सर."

"मग तो गुडघा आला कुठून?"

मी उभा राहिलो. न राहून कसं चालेल? "माझ्या डोक्यातून, साहेब," म्हटलं. हॉल हसला. सगळ्यात मोठ्यानं हसली महमुदा.

बाळाजी हसले नाहीत. ते म्हणाले, "भिंतीवरून पळून गेलेले मी लई पाहिले. ही दारातून आली, सही करून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. असं यायला दम लागतो." आणि त्यांनी टाळी वाजवली. एकट्यानं, दोनदा, तीनदा. मग पुष्पलतावहिनींनी वाजवली. मग कोणी वाजवली नाही हे शोधावं लागलं असतं. आमच्याबरोबर आलेला ओवैस मागच्या रांगेत उभा राहून शिट्टी मारत होता आणि लिगामेंटबद्दल मला नंतर काय बोलायचं ते ठरवत होता.

श्रावस्ती धावतच स्टेजवर गेली आणि बापाला मिठी मारली. तळपाय सपाट असलेला तो माणूस तिच्या धक्क्यानं एक पाऊल मागे सरकला, पण छाती बघा त्याची! भरतीवाल्यांनी त्या दिवशी मोजायला हवी होती.

कश्मिरा बिचारी पत्रिका हातात घेऊन गोंधळली होती. काहीतरी विचारायचं म्हणून तिनं माइक श्रावस्तीपुढे धरला. "मग आता पुढे काय करायचं ठरवलंय?"

हा प्रश्न तर सगळ्यांच्याच मनात होता. श्रावस्तीनं बापाकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाली, "माहीत नाही."

गोपीनाथांनी माइक आपल्याकडे ओढला.

"मलेही माहीत नाई," ते म्हणाले, सतरा वर्षांत मी ऐकला नव्हता इतक्या खणखणीत आवाजात. "चला, जेवायले चला."