बिगॅननंतर काय येतं

"पुसा ते," सर म्हणाले.

मी पुसलं.

फळ्यावर माझ्याच अक्षरात एक इंग्रजी वाक्य होतं. शी बिगॅन क्राइंग. ती रडायला लागली. वाक्य बरोबर होतं. मला पक्कं माहीत होतं. तरी मी डस्टर उचललं आणि पुसलं.

समोर आठवीची पोरं. मागच्या बाकावर संस्थेचे चार लोक, मधोमध इंग्रजीचे पर्यवेक्षक सर. चिखलीतली शाळा. माझी मुलाखत चालली होती आणि पाठ घेऊन दाखवायचा होता. विषय त्यांनीच दिलेला. इंग्रजीत एका क्रियापदानंतर दुसरं आलं की त्या दुसऱ्याचं रूप कोणतं घ्यायचं. काहींनंतर टू लागतो, काहींनंतर आयएनजी. काहींना दोन्ही चालतात. आणि काही ठिकाणी रूप बदललं की अर्थच बदलतो.

तेच मी समजावत होते. ही स्टॉप्ड टू ड्रिंक वॉटर, म्हणजे तो पाणी प्यायला थांबला. ही स्टॉप्ड ड्रिंकिंग वॉटर, म्हणजे त्यानं पाणी पिणंच बंद केलं. पोरांना पटत होतं. मी रंगात आले आणि घरच्या बोलीत तोंडून निघून गेलं, "पाणी प्याले थांबला."

सर मागून म्हणाले, "मॅडम, आधी मराठी तरी शुद्ध बोला. इंग्रजीचं नंतर बघू."

चौघे हसले. मग पोरं हसली. मोठ्यांनी परवानगी दिल्यासारखी.

त्यानंतर मी ते बिगॅनचं वाक्य लिहिलं. सर म्हणाले, बिगिननंतर फक्त टू. मी म्हटलं, सर, दोन्ही चालतात. त्यांनी आवाज चढवला नाही. हातातला माझा अर्ज वर धरला, जातीच्या रकान्यावर बोट ठेवलं, शेजारच्याला दाखवलं.

"सवलतीवर एम. ए. झालं की असं होतं. पुसा ते."

पुसून मी लिहिलं, शी बिगॅन टू क्राय. हेही बरोबरच आहे. म्हणून कुणी म्हणेल, मग बिघडलं काय? बिघडलं ते पुढे. मी त्यांच्याकडे वळले आणि म्हणाले, "सॉरी सर."

बाहेर व्हरांड्यात माझी माय बसली होती. खिडकी उघडी होती.

माय निरक्षर. उंद्रीकडच्या शिवारात निंदणाला जायची. सुट्टीत मीही जायची, आणि तण उपटता उपटता ही क्रियापदं पाठ करायची. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड. ऐकून ऐकून मायलाही पाठ झाली. बाया तिला चिडवायच्या. ती ऐटीत सांगायची, "याच्या मांगं आयएनजी लागते. माहा पोरीले इचारा." आयएनजी म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. ते कुठं लागतं, एवढं ठाऊक होतं.

मला शिकवताना पाहायचं म्हणून ती त्या दिवशी मजुरी बुडवून आली होती. धुतलेलं पांढरं लुगडं नेसून.

परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर पाहत होती. मग तिनं विचारलं, "तू चुकली होती काय?"

"नाही."

"मंग सारी काऊन म्हटलं?"

मी तिकिटं घडी करून पिशवीत ठेवली. तिनं माझ्या मांडीवरची प्रमाणपत्रांची फाइल स्वतःकडे घेतली आणि गाव येईपर्यंत छातीशी धरून बसली.

नोकरी मला मिळाली. तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढे तुमचे, आणि उद्या नको म्हटलं की नको. त्या वेळी वाटलं, सॉरी म्हटलं म्हणूनच मिळाली. आजही तसंच वाटतं.

चार वर्षं मी तिथं शिकवलं. बिगिननंतर फक्त टू. स्टार्टनंतर फक्त टू. सरांच्या वहीत होतं ते पोरांच्या वहीत उतरवलं. पोरांनी आयएनजी लिहिलं की मी लाल फुली मारायची. पहिल्या वर्षी हात अडखळायचा. पुढे अडखळायचाही थांबला. वर्गात मी पुस्तकातली मराठी बोलायची. एक 'मले' चुकून निघू नये म्हणून आधी मनात वाक्य जुळवायची आणि मग तोंड उघडायची. घरी आले तरी तसंच. माय म्हणायची, "तू माह्याशी अशी काऊन बोलून राह्यली? मी काय परकी हाव?"

दुसऱ्या वर्षी माय गेली. पोटाचं दुखणं, दीड महिना. बुलढाण्याच्या दवाखान्यात ती कॉटवर पडून ओठ हलवायची. जवळ जाऊन ऐकलं तर तीच यादी. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश. माइंडवर येऊन थांबायची. पुढचं तिला आठवायचं नाही. मी सांगायची. एसटीतल्या त्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी तिला शेवटपर्यंत दिलं नाही.

मग आठवीत साक्षी आली. तिचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. आमच्याच समाजातले. घरात निळ्या कोटातला तोच फोटो, जो आमच्याही घरात. पोरगी कमी बोलायची, वाचायची फार. एकदा ग्रंथालयातलं पुस्तक घेऊन आली. एका वाक्यावर पेन्सिलीची खूण होती. द डॉग बिगॅन रनिंग.

"मॅडम, इथं आयएनजी हाये. पुस्तक चुकलं काय?"

मी दाराकडे पाहिलं. आवाज बारीक करून सांगितलं की पुस्तक बरोबर आहे, दोन्ही चालतं. आणि लगेच म्हटलं, "पण पेपरात टूच लिही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. पुस्तक मिटलं आणि जागेवर गेली.

सहामाहीच्या पेपरात तिनं दोन ठिकाणी आयएनजी लिहिलं. ठरवून. बाकी सगळा पेपर स्वच्छ, एक खाडाखोड नाही. तिची उत्तरपत्रिका माझ्यापुढे आली. शेजारी सरांनी दिलेली आदर्श उत्तरं. मी लाल पेन उचललं आणि दोन फुल्या मारल्या. हे मी केलं. सरांनी माझा हात धरला नव्हता.

साक्षी ते पुस्तक घेऊन सरांकडे गेली. गुण मागायला. दुसऱ्या दिवशी परिपाठात, सगळी शाळा ओळीनं उभी असताना, सरांनी तिला पुढे बोलावलं. माइकवर सांगितलं की या मुलीला शिक्षकांपेक्षा जास्त कळतं. मग तिला मोठ्यानं म्हणायला लावलं, बिगॅन टू रन, बिगॅन टू लाफ, बिगॅन टू क्राय. ती म्हणत होती. ओळीतून हसू फुटत होतं. तिचा आवाज चिरकला तेव्हा सरांनी माइक तिच्या आणखी जवळ धरला.

"दोन्ही चालतं हे तुला कोणी शिकवलं?"

तिनं माइकपासून तोंड वळवलं.

"नाव सांग. सोडतो तुला."

मी शिक्षकांच्या रांगेत होते, तिच्यापासून दहा पावलांवर. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. खाली मातीकडे पाहत राहिली. तेरा वर्षांची पोरगी मला वाचवत होती. आणि मी वाचत होते.

माझे पाय पुढे गेले, माइकपर्यंत. मनात वाक्य जुळवायला सवड मिळाली नाही.

"म्या शिकवलं, सर. अन् ते बरोबर हाये."

माइकमधून माझी बोली सगळ्या पटांगणावर गेली. कुणी हसलं नाही. सर म्हणाले, "मॅडम, ऑफिसात या."

दुसऱ्या दिवसापासून मला तास नव्हते. त्याचं दुःख मी करत नाही. दुःख वेगळं आहे. साक्षीच्या वडिलांना बोलावून सांगण्यात आलं की मुलगी उद्धट आहे, दाखला काढून न्या. ते हात जोडून उभे होते म्हणे. त्यांनी तिला संग्रामपूरला मामाकडे पाठवलं.

दोन गाड्या बदलून मी तिथं गेले. ती मामाच्या लहान पोराला कडेवर घेऊन दारात उभी होती. शाळेत नाव घातलं नव्हतं. मी पुस्तकं नेली होती, ती तिनं घेतली नाहीत.

"मले इंग्रजी नको, मॅडम."

मी तिला सांगितलं की त्या फुल्या मी मारल्या होत्या. सरांनी नव्हे. मला वाटलं, ती दचकेल.

"माहीत हाये मले. तुमची फुली मी ओयखते."

एवढंच म्हणाली. रागानं नाही. त्या मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आत गेली. तिच्या मामीनं मला चहा विचारला. मी पाणी मागितलं.

परवा शाळेतून निरोप आला. लेखी माफी द्या, तास परत मिळतील. निरोप आणणारा माणूस चांगला होता, माझ्याच काळजीनं बोलत होता. मी त्याला दारातूनच परत पाठवलं.

शिक्षण कार्यालयात द्यायची तक्रार मी लिहून ठेवली आहे. साक्षीची उत्तरपत्रिका पुन्हा तपासावी, तिचे गुण द्यावेत, तिला त्याच शाळेत त्याच वर्गात परत घ्यावं. तक्रार कुणाविरुद्ध, या रकान्यात मी दोन नावं लिहिली आहेत. दुसरं नाव सरांचं. पहिलं माझं. बरोबर उत्तरावर जाणूनबुजून फुली मारणारी शिक्षिका.

लोक सांगतात, स्वतःचं नाव काढ, तुलाच अडकवतील. अडकवू देत. ते नाव मी काढणार नाही. सोमवारी कार्यालय उघडलं की मी दारात असेन. चौकशी लागेल त्या दिवशी सरांच्या शेजारी उभी राहून आधी माझा गुन्हा सांगेन, आणि मग त्यांचा.