आमराईत कोण जाणार

माझी लहानी जाऊ लग्न होऊन घरात आली तेव्हा तिला भाकर थापता येत नव्हती. थापायला बसली की कड फाटायची, तव्यावर टाकली की मधोमध मोडायची, आणि चुलीत जाळ किती घालावा याचा तिला अंदाजच नव्हता. माहेर अकोल्याकडचं, भावांमध्ये एकुलती एक बहीण, लाडात वाढलेली. मी तिच्याआधी काही वर्षं या घरात आलेले. माझी भाकर कशी टम्म फुगते हे सासूबाई शेजारणींना बोलावून दाखवत, आणि मला त्याचा अभिमान वाटे. त्या भाकरीनंच माझा घात केला.

आमचं गाव तिवशाहून अमरावतीला जाणाऱ्या रस्त्यावर. गावाबाहेर नाल्याच्या काठी आमराई होती. ती कुणा एकाची नव्हती, गावाची होती. लोणच्याच्या कैऱ्या घरोघरी वाटून जायच्या, लग्नाची वऱ्हाडं तिथंच उतरायची. मग कापसाला भाव आला. दूर समुद्रापलीकडे कुणाच्या तरी भाऊबंदकीत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि साहेबाला आमच्या कापसाची भूक लागली, असं पुरुष सांगत. बैलांच्या शिंगांवर पितळी शेंब्या चढल्या. ज्याला त्याला कापसाची पऱ्हाटी पेरायची घाई. गायरानाचा काठ नांगरला गेला, आमराईच्या कडेलाही नांगर घुसले. नागपूरकडून कापूस भरून येणाऱ्या बैलबंड्या सावली पाहून आमराईतच थांबत. गाडीवान झाडाच्या बुंध्याशीच चूल मांडत, फांद्या मोडून जाळत. बैल साली सोलून खात. जुनी झाडं उभ्या उभ्या वाळायला लागली.

सासूबाई एकदा तिकडून आल्या त्या तणतणतच. "झाडं मरून राहिले, अन् पुरुषाईले कापसाबिगर काई दिसत नाई," म्हणाल्या. त्यांनी माळीपुऱ्यातली एक म्हातारी माळीण गाठली, आणखी दोनचार घरच्या बायका गोळा केल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही देणारही नव्हतं. आषाढात त्यांनी आंब्याच्या कोया लावल्या, रोपांभोवती बाभळीच्या काट्यांची कुंपणं केली. दिवाळीनंतर आमराईतल्या विहिरीचं पाणी ओढून रोज पहाटे रोपांना घालू लागल्या. घरातून एक तरणा हात हवा होता.

"हे लहानी घरात काय कामाची? हिले नेतो मी," सासूबाई म्हणाल्या.

सगळे हसले. मीही हसले. थोड्याच दिवसांत माझं हसू आटलं.

त्या दोघी उजाडता उजाडता निघायच्या. मी चुलीशी. ऊन चढल्यावर परत यायच्या, तेव्हा लहानीच्या लुगड्याचा काठ चिखलानं भरलेला, केसांत आंब्याचं पान, आणि तोंडभर बातम्या. आज चांद्याकडचा एक गाडीवान आला, त्याच्याजवळ पोपट होता. अमरावतीच्या बाजारात बंड्यांची एवढी गर्दी की बैलाला मान वळवायला जागा नाही. मी भाकर वाढत ऐकत राहायचे. मी कधी घराबाहेर पडतच नव्हते असं नाही. कापसाच्या वेचणीला जायचेच. पण वेचणी म्हणजे आपल्याच वावरात खाली मान घालून वाकणं. ही मान वर करून चालत होती.

सर्वांत जास्त झोंबायचं ते त्या दोघींचं हसणं. लहानी नुसतं "पिवळा फेटा" म्हणायची, आणि माझी सासू, जिला हसताना मी क्वचितच पाहिलं होतं, ती पदर तोंडाला लावून हसायची.

"काय झालं वं?" मी विचारलं.

"तुले नाई समजाचं," सासूबाई म्हणाल्या. "थे तिथंच पाहा लागते."

त्या दिवशी जेवताना आमचे मालकही म्हणाले, "लहानी हुशार निघाली बरं. झाडाचं काम समजते तिले." मी पुढची भाकर इतक्या जोरात थापली की परातीतलं पीठ उडालं.

मग मी एक युक्ती केली. लहानीच्या हातची भाकर करपते म्हणून तिला बाहेर नेतात ना? मग माझीही करपू दे. एक दिवस मी तव्यावरची भाकर उलटलीच नाही. घरभर धूर झाला. सासूबाईंनी काळी भाकर पाहिली, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "ताप आहे काय वं तुले?" मला सुंठीचा काढा पाजला, गोधडी पांघरून निजवलं आणि अंगणातसुद्धा येऊ दिलं नाही. आमराई तर नाहीच, अंगणही गेलं.

लहानी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, तेव्हा मला वाटलं, आता माझीच पाळी. पहाटे उठून भाकरी करून ठेवल्या, लुगडं आवरून खोचलं आणि दारात उभी राहिले. सासूबाई शेजारच्या सुनेला आमराईत चल म्हणून हाक मारत होत्या.

"आत्याबाई," मी म्हणाले, "मले काहून नाई नेत तुमी?"

त्या थांबल्या. "घर कोनाच्या भरोशावर टाकू? तुह्या हाती घर आहे म्हनून तं मी बिनघोर जातो."

दुसऱ्या कुणाला हे ऐकून धन्य वाटलं असतं. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला.

"मंग तुमी ऱ्हा आज घरी," मी म्हणाले. "मी जातो."

सासूला असं बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. त्यांनी माझं खोचलेलं लुगडं पाहिलं. मग कोपऱ्यातल्या पाण्याच्या गुंडीकडे हात केला. "घे थे. दोघीबी जाऊ."

आमराईत गेल्यावर मला कळलं की मला काहीच येत नाही. मी गुंडी सरळ रोपावर उपडी केली. माती वाहून गेली, मुळं उघडी पडली. माळीण म्हणाली, "असं नाई वं माय. लहानी कशी हाताच्या आडोशानं पानी सोडे." काट्याची फांदी मी उलटी धरली, हात रक्ताळला. "लहानी बुडाकून धरे," दुसरी म्हणाली. विहिरीजवळच्या रोपांच्या रांगेला त्या 'लहानीची ओळ' म्हणत, आणि नेमकी तीच ओळ माझ्याकडे आली.

जाऊ अकोल्याकडे बाजेवर निजलेली, आणि मी इथं तिची झाडं वाढवत होते. तरी त्यातलं एकही मी वाळू दिलं नाही. एखादं गेलं असतं तर सगळ्या म्हणाल्या असत्या, लहानी होती तेव्हा जगलं होतं. त्या धास्तीनं मी वाकून वाकून पाणी घातलं, गुराखी येताना दिसला की धावत जाऊन रोपांपुढे उभी राहायचे. माझ्या जळण्यावर ती रोपं चांगली पोसली.

पिवळा फेटाही एकदा पाहायला मिळाला. तो एक जाडा गाडीवान होता. सासूबाई एकदा त्याच्यावर ओरडल्या होत्या, तेव्हापासून त्या लांबून दिसल्या की तो घाबरून झाडाखालची चूल विझवायचा. त्या दिवशी पाणी हाताशी नव्हतं, तर त्यानं शिजलेली डाळच जाळावर ओतली आणि हात जोडून उभा राहिला. मी पोट धरून हसले. घरी येऊन मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बरं मंग?"

लहानी परतली ती मुलगी कडेवर घेऊन. अकोल्याजवळ रूळ पडत होते, त्यांवरून खडी आणणारी आगगाडी तिनं पाहिली होती. सगळी गल्ली तिच्याभोवती जमली, आगगाडी कशी बोलते ते ती तोंडानं करून दाखवत होती. मी मागे उभी. मग तिनं माणसांतून वाट काढून मला विचारलं, "बाई, माह्या झाडायले पानी देता ना?"

"देतो," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती लुगडं खोचून तयार होती. सासूबाई म्हणाल्या, "तू लेकराजवळ बस. मोठी येते माह्यासंगं." मी गुंडी उचलली. उंबऱ्यात लहानी पोरीला घेऊन उभी होती, आमच्याकडे पाहत. तो चेहरा मला चांगला ओळखीचा होता. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, बरेच दिवस आनंद झाला.

पुढे एक दिवस मी परत आले, तर ती चुलीपुढे धुरात बसली होती. मांडीवर पोर रडत होतं, डोळे पुसत ती म्हणाली, "कितीक वाढले वो बाई झाडं? सांगा तं खरं."

"कमरेएवढे," मी तोऱ्यात म्हणाले. पण तिनं पोरीला खाली ठेवून आपल्या कमरेला हात लावून पाहिला, कुठपर्यंत ते.

दुसऱ्या पहाटे मी एक जुनं लुगडं बगलेत घेतलं आणि तिला म्हटलं, "चाल." सासूबाई म्हणाल्या, घराचं काय? मी म्हटलं, भाकरी झाल्या आहेत. जुन्या आंब्याला झोळी बांधून पोरीला निजवलं. बायका सगळं टाकून लहानीकडे धावल्या. तिला काय काय विचारू लागल्या, ही फांदी छाटू का, हे कुंपण सरकवू का. मी गुंडी धरून तशीच उभी. लहानीनं आपल्या ओळीतून एक फेरी मारली आणि सगळ्यांपुढे म्हणाली, "माह्यापेक्षा बाईनं चांगले ठेवले." मला बरं वाटलं, आणि तिनंच ते म्हणावं याचा रागही आला.

मग समुद्रापलीकडची ती लढाई संपली, कापसाचा भाव पडला. बंड्या विरळ झाल्या. आमराईच्या काठची नांगरलेली जमीन तशीच पडून राहिली, तिथंही आम्ही झाडं लावली. सासूबाईंना दिसेनासं झालं तेव्हा त्या नातीला घेऊन घरी बसू लागल्या, आणि आम्ही दोघी जावा कितीतरी वर्षं गेलो. ती झाडं आता फळाला आहेत.

वाटेचा एखादा माणूस सावलीला बसतो, विहिरीजवळची ओळ पाहून विचारतो, कुणी लावली वो? मी तोंड उघडायच्या आत लहानी सांगते, "आमी दोघीनं." ते खरंच आहे. तरी दर वेळी मला वाटतं, एकदा तरी तिनं नुसतं "बाईनं" म्हणावं.