एकीसारखी दुसरी नसलेल्या मेंढ्या

जिंतूरहून परभणीला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. मांडीवर कॉम्प्युटरच्या ग्राफिक कार्डाचा खोका होता आणि आत काहीतरी झोपलं असावं तसा त्यावर हात ठेवलेला. उन्हात डोळे अर्धे मिटून तो आपणहूनच बोलायला लागला.

मेंढपाळाचा मुलगा. लग्नाचे व्हिडिओ बनवायचा. फावल्या वेळात बापाचा अख्खा कळप, एकेक मेंढी काढून, कॉम्प्युटरवर चालता-फिरता करत होता. पण चाळीस मेंढ्या झाल्या की कार्डाची मेमरी भरायची आणि चित्र जागच्या जागी थांबायचं.

"कार्ड वापस द्यायला गेलो, तर दुकानदार म्हनला, वापस कशाला करता? एकच मेंढी बनवा, तिच्याच कॉप्या मारा. तसं केलं, लय जागा उरली. बापाला दाखवलं. बाप म्हनला, ही तर एकच हाय, सगळीकडं तीच उभी केलीस."

पुढे रस्त्यात मेंढरं आडवी आली. बस थांबली. मला नुसती लोकर दिसत होती, हळूहळू वाहत जाणारी. तो मात्र एकेकीला निरखून मगच पुढे जाऊ देत होता.

"मग आता?" मी विचारलं.

"हे देऊन मोठ्या मेमरीचं घ्यायला चाललो. त्याच्यासाठी काल दोन मेंढ्या इकल्या."

"वडील काही बोलले नाहीत?"

त्यानं खोक्यावरची धूळ तळव्यानं पुसली.

"म्हनला, आधी त्या दोघींचं चित्र ह्याच्यात काढून घे. मंग बाजारात ने."