मोहाखालचा योगवर्ग

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपुरात माझा योगवर्ग होता आणि दारावर पाटी होती: 'उशिरा येणाऱ्यास प्रवेश नाही.' शिस्तीचा मला भारी अभिमान. त्यामुळे 'आठवडाभर आमच्या गावच्या योगवर्गाला शिकवा' असं कुरखेड्याच्या मेश्राम गुरुजींचं पत्र आलं, तेव्हा मी जंगलातल्या लोकांना वळण लावायच्या थाटातच निघाले.

नागपूरहून छोट्या रुळांची गाडी नागभीडला, तिथून दुसरी वडशाला. वडशाला स्टेशनबाहेर गरम आलूबोंडे खाल्ले आणि कुरखेड्याची एस.टी. धरली. आता छोटी गाडी नाही, पण जाणार असाल तर मार्चअखेरीला, मोह फुलतो तेव्हाच जा. संध्याकाळी गुरुजींच्या घरी भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि वांग्याची भाजी होती. मी दोनदा भात घेतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, वर्ग भरायचा त्या बुद्धविहाराच्या अंगणात पोचले, तर चटयांचा ढीग तसाच आणि माणूस एकही नाही. माझा पारा चढला. तेवढ्यात गुरुजी सायकलवर आले.

"चला मॅडम, आज वर्ग मोहाखाली हाये."

"पहिल्याच दिवशी दांडी?"

"मोहफुलं पहाटीच पडते. ऊन चढलं का ढोरं खाऊन टाकते."

गावाबाहेर मोहाखाली अख्खा वर्ग फुलं वेचत होता. शिंपी, शाळेतल्या बाई, सगळेच. झाड सोनाबाईंचं. शेजारच्या गोंड वस्तीतल्या या साठीच्या बाई वर्गात यायच्या, पण दिवाळीपासून त्यांची कंबर धरली होती. ही फुलं वाळवून विकायची, त्यावर त्यांचे पावसाळ्याचे दिवस निघत. वर्गाचा नियम एकच होता: जो येऊ शकत नाही, त्याच्याकडे वर्गानं जायचं.

सोनाबाई मात्र टोपलीजवळ तोंड फुगवून उभ्या होत्या. "माहं झाड, मीच वेचीन. लोकायनं वेचलेलं मले गोड लागत नाई."

मीही वेचायला लागले. तासाभरात माझीच पाठ बोलू लागली. सोनाबाई खदखदून हसल्या. "मास्तरीनबाई, कमरेतून काऊन वाकून राह्यली? उकिडवी बस अन् सरकत जा!"

भर वर्गात माझी फजिती झाली. पण त्यांना स्वतःलाच उकिडवं बसता येत नव्हतं, आणि तेवढं मला शिकवता येण्यासारखं होतं. मग आठवडाभर फुलं वेचून झाली की आमचा वर्ग तिथेच भरे. सोनाबाई बुंध्याला धरून रोज थोडं जास्त खाली जात. सहाव्या दिवशी त्या बसल्या आणि मूठभर फुलं वेचली. उठवायला मात्र दोघं लागली. हे पुढे जमेल का, ही धाकधूक घेऊनच मी परतले.

नागपुरात पहिल्याच आठवड्यात माझ्या वर्गातल्या एक बाई दोन दिवस आल्या नाहीत. एरवी मी नाव खोडलं असतं. या वेळी वर्ग संपल्यावर आम्ही साऱ्याजणी त्यांच्या घरी गेलो. ताप होता. त्यांनी आम्हा सगळ्यांना चहा पाजला.

जूनच्या सुरुवातीला कुरखेड्याहून पुडकं आलं. आत वाळलेली मोहफुलं आणि गुरुजींची चिठ्ठी: 'मोहाचा शेवटचा आठवडा सोनाबाईने एकटीने वेचला. वर्गाला तिने फक्त टोपली उचलू दिली.'

मी चार फुलं तोंडात टाकली. गोड होती. मग स्टूल घेतलं आणि दारावरची पाटी काढली.