सार्मीच्या शेळ्या

दाराला आतून कडी घालून मी पाठ टेकून उभी होते. बाहेरून शेजारीण सार्मी दोन्ही हातांनी दार बडवत होती. "बू! मेतू, बू!" बू म्हणजे बाई आणि मेतू म्हणजे बाहेर ये, एवढं मला तेव्हा कळत होतं. वर गावात लाकूड न थांबता वाजत होतं. माझी सहा वर्षांची नात आयू माझं लुगडं ओढून म्हणत होती, "आजी, बाहेर जाऊ."

मी म्हणाले, "डुकरं पाहाले जातं काय? गप बस." आणि कडीवर हात दाबून धरला.

आदिलाबादजवळच्या आमच्या तामसीकडे रानडुकरं कापसात, ज्वारीत शिरली की माणसं डबे बडवतात. डबे वाजले की बायांनी लेकरं आत घ्यायची आणि दार लावायचं. माझ्या जावेची पोटरी डुकराने फाडलेली मी पाहिली आहे. त्यामुळे बडवण्याचा आवाज आला की माझे पाय घराकडेच वळतात. इंडोनेशियातल्या जावा बेटावर जाऊनही ते तसेच वळले.

मी तिकडे गेले ती कापसाची वेचणी उरकून. माझा मुलगा विलास तिकडच्या एका सूतगिरणीत फिटर आहे. तिथल्याच रत्ना नावाच्या मास्तरणीशी त्याने लग्न केलं. ती मुसलमान. मला पसंत नव्हतं, म्हणून लग्नाला गेले नाही. पुढे नात झाली. ती फोनवर आमच्यासारखं बोलायला लागली तेव्हा मी पासपोर्ट काढला.

तामसीहून बसने आदिलाबाद, तिथून हैदराबाद, मग दोन विमानं. पिशवीत पाच किलो ज्वारीचं पीठ होतं. विमानतळावरच्या पोराने बोट बुडवून चाखलं आणि मला जाऊ दिलं. विलास न्यायला आला होता. रात्रभर गाडीत झोपले आणि उजाडताना डोळे उघडले, तर दोन्ही बाजूंना सागवान. मोठी पानं, धुक्यात उभी खोडं. मला वाटलं आपण आपल्याकडच्या उटनूरच्या रानातच आहोत.

"विलास, हे तर आपलं झाड हाय."

"हो माय. इथं याले जाती म्हणतात."

त्याचं सासर डोंगरात आहे. उतारावर पायऱ्या पायऱ्यांची भातखाचरं, वरच्या धारेवर जुनी घरं आणि खाली ओढा. आमच्याकडे तेव्हा कोरडी थंडी असते, तिकडे रोज दुपारी पाऊस. विलासचं घर ओढ्याजवळ होतं. पुढच्या खोल्या विटांच्या, मागचं स्वयंपाकघर बांबूच्या तट्ट्याचं. त्याने ते मोठ्या हौसेने दाखवलं. मी वर पाहिलं, खाली पाहिलं.

"सारं गाव वरतं राहून राह्यलं, तू खाली काऊन?"

"इथं जमीन स्वस्त भेटली माय. पाणी जवळ, रस्ता जवळ."

"पट्टा कोणाच्या नावानं?"

"रत्नाच्या. बाहेरच्या माणसाच्या नावानं होत नाही इथं."

ते मला नवीन नव्हतं. आमच्या जिल्ह्यातही आदिवासी भागात बाहेरच्याच्या नावाने जमीन होत नाही. कितीतरी लोकांनी दुसऱ्याच्या नावावर घेतली आणि मग बसले कपाळ धरून. मी म्हणाले, "बायकोच्या नावानं हाय तं बरंच हाय. तुह्यापेक्षा तिले अक्कल जास्त दिसते." रत्नाला मराठी कळत नाही, पण आयूने लगेच सांगितलं. ती तोंडावर हात ठेवून हसली. त्या दिवसापासून माझं तिच्याशी जमलं.

खाण्याचे हाल झाले हे खरं. तीन वेळा भात. सकाळीसुद्धा भात. भाकर थापून दाखवली तर रत्नाची भाकर हातालाच चिकटून राहिली. एक दिवस तिने केळीच्या पानात गुंडाळलेल्या वड्या आणून ठेवल्या. उघडून पाहिल्या तर वरून पांढरी बुरशी. मी त्या कोंबड्यांना घातल्या. संध्याकाळी कळलं की तोच तिकडचा टेम्पे (सोयाबीन आंबवून त्यावर बुरशी धरवतात आणि तळून खातात). आमच्या शेतात सोयाबीन पिकतं, पण आम्ही ते विकतो, खात नाही. दुसऱ्या दिवशी सार्मीने गरम टेम्पे आणि मिरचीचा ठेचा आणून दिला. ठेचा आपल्यासारखाच. मी चार वड्या खाल्ल्या. ती बघत बसली आणि मग काहीतरी बोलली.

आयूने सांगितलं, "ती म्हनते, कोंबड्यायपेक्षा तू बरी खातं."

सार्मी माझ्याच वयाची, विधवा. तिचं घर आमच्या घराच्या थोडं वर, पण शेळ्यांचा गोठा ओढ्याच्या बाजूला, खांबांवर उभा केलेला. चार शेळ्या होत्या. तिच्याकडे बँकेचं पुस्तक नव्हतं. छप्पर गळलं की एक पिल्लू विकायचं, नातवाची फी आली की एक विकायचं. रोज सकाळी ती विळा घेऊन पाल्याला जायची आणि मी तिच्यासोबत. भाषा येत नव्हती तरी आमचं चालायचं. ती झाडाला हात लावून नाव सांगायची, मी आपल्याकडचं सांगायचे. खाचरात माकडं आली की बायका बांबू आपटायच्या. आम्हीही आपटायचो. म्हातारपणी इतकं ओरडायला मला कुठे मिळालं असतं?

वर गावाच्या चौकीत लाकडाचा पोकळ ठोकळा टांगलेला होता. त्याला केंतोंगान म्हणतात. रात्री गस्त घालणारे तो वाजवून वेळ कळवायचे. विलास म्हणायचा, "माय, इथं चोरीचं भेव नाही. लोक पाळीपाळीनं जागतात." दारं उघडी टाकून लोक शेतावर जायचे. ठोकळ्याचे निरनिराळे ठोके असतात आणि त्यांचे अर्थही निरनिराळे, हे मला कुणी सांगितलं नाही. तिकडच्या माणसाला ते लहानपणापासून माहीत असतं, त्यामुळे सांगायचं कुणाला सुचलं नसेल.

त्या दिवशी विलास गिरणीत होता, रत्ना शाळेत. आयूला सुट्टी होती. तीन दिवस लागून राहिलेला पाऊस दुपारी उघडला होता आणि आम्ही दोघी आजी-नात अंगणात तांदूळ निवडत होतो. ठोकळा वाजायला लागला. आधी सावकाश, मग भरभर, थांबेचना. मी सूप टाकलं, पोरीला उचललं, घरात घातलं आणि कडी लावली.

सार्मी आली, दार बडवायला लागली. मला वाटलं, डुकरं हाकायला बोलावते आहे. मी आतून ओरडले, "मी नाही येत. पोरगी हाय घरात." ती ओरडत राहिली. मग आवाज बंद झाला. मला वाटलं, गेली.

ती मागे गेली होती. स्वयंपाकघराचा तट्ट्या विळ्याने फाडून ती आत घुसली, आयूचा दंड धरला आणि तिला ओढत त्याच भोकातून बाहेर पळाली. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. माझ्या तोंडात जेवढ्या शिव्या होत्या तेवढ्या देत मी मागे धावले. मी जीव वाचवायला धावले नाही. पोरगी हिसकावून घ्यायला धावले. बाई वेडी झाली असंच मला वाटत होतं. ती खाचरांच्या बांधांवरून वर चढत होती, मी घसरत, हात टेकत तिच्या पाठोपाठ. ती चौथ्या का पाचव्या बांधावर थांबली. मी पोरीचा हात धरला तेव्हा मागे आवाज झाला.

दगडांच्या दहा गाड्या एकदम रिचवल्यासारखा तो आवाज होता. समोरच्या डोंगराची कड सुटली होती. झाडं उभीच्या उभी खाली येत होती. चिखल ओढ्यात उतरला, स्वयंपाकघर घेऊन गेला, पुढच्या खोलीची भिंत घेऊन गेला. सार्मीचा गोठा खांबांसकट उचलला गेला. शेळ्यांचा आवाज आला, मग नाही आला.

गोठा तिच्या घरापासून हाकेवर होता. ठोकळा वाजल्यावर ती आधी शेळ्या सोडायला निघाली होती, दोरी हातात होती. आमचं दार आतून लागलेलं दिसलं, म्हणजे आम्ही घरातच आहोत, म्हणून ती वळली. हे मला नंतर रत्नाने सांगितलं. भरभर, न थांबणारे ठोके म्हणजे डोंगर सुटतोय, वर पळा, हेही तिनेच सांगितलं. तेव्हा सार्मी बांधावर बसली, हातानेच तोंड पुसलं आणि आयूला काहीतरी म्हणाली.

"काय म्हनते?"

"म्हनते, तुही आजी बहिरी हाय काय?"

"सांग तिले, बहिरी नाही, अडाणी हाय."

आयूने सांगितलं. सार्मी हसली नाही. माझ्या कोपराला लागलेला चिखल तिने पानाने पुसला.

विलास अंधार पडायच्या आत आला. घराकडे बघून मटकन बसला. "सारं गेलं माय. दहा वर्षांची कमाई."

"पोरगी कुठं हाय पाहिलं काय आधी?" मी म्हणाले. तो उठला आणि तिच्याकडे गेला.

पुढचा महिना आम्ही सार्मीकडे राहिलो. तिचं घर जागेवर होतं. त्याच महिन्याची मला आता सगळ्यात जास्त आठवण येते. सकाळी चुलीचा धूर, ओल्या मातीचा वास, मशिदीतली बांग, मग आम्ही दोघी सोयाबीनची टरफलं काढत बसलेल्या. विलास परत तिथेच बांधतो म्हणत होता. मी म्हणाले, मी इथून जाईपर्यंत तरी ते शब्द काढू नको. मग रत्नाच्या मामाने वर धारेवर जागा दिली. विकत मिळाली नसती अशी जागा. सोयरा म्हणून मिळाली.

निघण्याआधी मी बाजारात जाऊन दोन शेळ्या घेतल्या आणि सार्मीकडे सोडल्या. तिला तशाच देत होते, पण ती घेईना. शेवटी अर्धेलीने दिल्या. राखायचं तिने, पिल्लं निम्मी तिची, निम्मी माझी. आपल्याकडे चालतं तसंच तिकडेही चालतं. मी बोटांनी दाखवलं आणि तिला लगेच कळलं.

मी परत आले तेव्हा तामसीत ऊन तापायला लागलं होतं. लोक विचारतात, परदेशात जमीन घ्यावी का, पैसा घालावा का, राहायला धोका नाही ना? मी म्हणते, आधी जाऊन राहा. गाव कुठे राहतं ते पाहा आणि त्यांच्याजवळ राहा. शेजारणीचं नाव शिका. त्यापलीकडे मला काही सांगता येत नाही. कधी कधी भाकर थापताना वाटतं की सार्मी असती तर तिला गरम दिली असती. ती फोनवर येते, आम्ही दोघी काहीबाही बोलतो, कुणालाच काही कळत नाही, तरी ठेवावासा वाटत नाही.

त्या दुपारी ओढ्याकडे, खाचरांत होते ते सारे ठोकळा ऐकून वर गेले होते. खाली आम्ही तिघीच होतो. आयू जिवंत आहे, सार्मी जिवंत आहे, मी जिवंत आहे. चारही शेळ्या मेल्या.