पडवीतली दीड पंगत

पोट बिघडलंय असं मी खोटं सांगितलं, इथवर सगळं ठीक होतं. चूक पुढे झाली. मोबाईलवरून पनीर मसाला आणि दोन बटर रोट्या मागवताना पत्त्याखाली 'जवळची खूण' असा रकाना आला, आणि मी सवयीने लिहून गेलो: खाणावळीशेजारी.

आता आमच्या बिरवाडीच्या आळीत घरांना नंबर आहेत, पण ते फक्त ग्रामपंचायतीला माहीत. गॅसवाला, पोस्टमन, लग्नाची पत्रिका घेऊन येणारे पाहुणे, सगळे खाणावळीत विचारून पुढे सरकतात. मी खोटं बोललो होतो ते नेमकं त्याच खाणावळीच्या मालकिणीशी. बायको पोलादपूरला माहेरी गेली होती, सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. जाताना तिने माझा पंधरा दिवसांचा ताबा ह्याच मालकिणीकडे, शेजारच्या वहिनींकडे, दिला होता. दुपारी कारखान्याच्या ऑफिसात त्यांचा डबा, संध्याकाळी घरी त्यांचा डबा. चार दिवसांत दुसऱ्यांदा दुधी आला आणि माझ्यातला बंडखोर जागा झाला.

साडेसातला दार वाजलं. दारात वहिनी. एका हातात झाकलेलं पातेलं, दुसऱ्या हातात लाल-पिवळी पिशवी. मागे हेल्मेट काखेत धरून एक पन्नाशीचा माणूस, अपराधी चेहऱ्याने.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "ह्या पातेल्यात मऊ भात हाय, मेतकूट घातलेला. पोटाला बरा. आन् ह्या पिशवीत पोट कशानं बिघडलं ते हाय वाटतं."

"वहिनी, ते म्हणजे... ऑफिसातल्या एकाचं आहे."

"तुमचं नाव लिवलंय वर."

मागचा माणूस पुटपुटला, "साहेब, खूण तुम्हीच दिलीत. मी आपला विचारायला गेलो."

वहिनींनी मला पानावर बसवलं. आधी मऊ भात खायला लावला, मग पनीर. दोन्ही संपेपर्यंत समोर बसून राहिल्या. बटर रोटी इतक्या खालमानेने कुणी खाल्ली नसेल. मला वाटत होतं त्या रागावतील, पण त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही एकटेच नाय ओ. खोल्यांवरची निम्मी पोरं आता मोबाईलवरनं जेवतात."

मी तेव्हा पहिल्यांदा खिडकीतून त्यांच्या खाणावळीच्या पडवीकडे नीट पाहिलं. कारखान्यांत काम करणारी, खोल्या घेऊन राहणारी मंडळी तिथे दोन पंगतींत जेवायची. दुसरी पंगत बाहेर कट्ट्यावर ताटकळत बसायची आणि आतल्यांना 'आवरा की रे' म्हणून टोमणे मारायची. आता एकच पंगत होती, आणि तीही दात पडल्यासारखी.

"गनपतीपर्यंत बघते," वहिनी म्हणाल्या. "नायतर करते बंद. लेक म्हनतो, मुंबईला ये, आराम कर. आराम करायला मी काय आजारी हाय?"

त्यांचा तो प्रश्न, पोटातलं पनीर आणि मनातली शरम, असं सगळं एकत्र येऊन माझ्या डोक्यातून एक कल्पना निघाली. ज्या ॲपने हे केलं त्याच ॲपवर वहिनींना चढवायचं! मोबाईलमधलं मला सगळं कळतं, असा माझा समज आहे. ऑफिसात माझ्याहून वयाने मोठी दोनच माणसं आहेत, त्यांचाही तसाच समज आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मोबाईल घेऊन वहिनींच्या चुलीपाशी बसलो. परवान्याचा कागद गणपतीच्या तसबिरीमागे जपून ठेवलेला निघाला. फोटो झाला. फोटोत वहिनी माझ्यावर संशय घेतल्यासारख्या दिसत होत्या, पण तो त्यांचा नेहमीचाच चेहरा. मग आली पदार्थांची यादी.

"काय काय लिहू?"

"यादी कसली? जे केलंय ते."

"पण गिऱ्हाईकाला निवडायला काहीतरी हवं ना."

"निवडतंय कोन? जेवनारा? त्याला काय कळतंय?"

ही त्यांची रीत. सकाळी कोण खोकत गेलं, कोण रात्रपाळी करून आलं, कुणाचं घरी भांडण झालं, हे बघून त्या चूल पेटवायच्या. खोकणाऱ्याला कुळथाचं सार, पोट बिघडलेल्याला मऊ भात, गुरुवारवाल्याला बिनकांद्याचं. हे सगळं ॲपच्या रकान्यात बसेना. शेवटी मी माझ्या अकलेने वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं, सुकट, तांदळाची भाकरी असं सगळं टाकलं आणि प्रत्येकापुढे 'उपलब्ध' अशी खूण केली.

तासाभरात मोबाईल वाजला. पहिली ऑर्डर! एक बिरडं, दोन भाकऱ्या. मी इतका हरखलो की उठताना डोकं फडताळाला आपटलं.

"बिरडं?" वहिनी म्हणाल्या. "वाल कुठं भिजवलेत? मोड यायचे, सोलायचे. परवा ये म्हनावं."

"असं सांगता येत नाही, वहिनी. तो वीस मिनिटांत मागतोय."

"द्या तो फोन." त्यांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि गिऱ्हाईकाला फोन लावायला लावला. "कोन रे तू? कुठल्या खोलीवरचा?... अरे मेल्या, तू व्हय! तुझ्या खिडकीतनं माझी चूल दिसते, आन् तू गाडीवरनं जेवान मागवतोस?"

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "मावशी, कूपन होतं ओ."

"कूपन खा मग. बिरडं परवा. आज पिठलं हाय, पाठवते."

तेवढ्यात पार्सल न्यायला ॲपचा स्वार दारात आला. तोच, कालचा, काखेत हेल्मेटवाला. पूर्वी तो बिरवाडी ते महाड प्रवाशांची मिनिडोर रिक्षा चालवायचा. ती विकून त्याने ही पेटी पाठीला लावली होती. वहिनींनी त्याला नखशिखांत न्याहाळलं.

"जेवलास?"

"नाय वैनी. सकाळी वडापाव खाल्ला."

"दिसभर लोकांची जेवनं पाठीवर घेऊन फिरतोस आन् सोता वडापाववर? बस तिथं."

"ऑर्डर हाय ना वैनी..."

"ऑर्डर तिकडं खिडकीत हाय. दिसतेय. बस."

तो बसला. तव्यावरून उतरलेली भाकरी फुगलेलीच ताटात पडली, शेजारी पिठलं आणि फोडलेला कांदा. पहिल्या घासाला त्याने डोळे मिटले. पार्सल समोरच्या खिडकीपर्यंत पोचायला पस्तीस मिनिटं लागली.

पुढचे तीन दिवस मी ऑफिसातून सुटलो की धावत खाणावळीत. येणाऱ्या ऑर्डरी वहिनी फोनवर दुरुस्त करायच्या. एकाने सुकट मागवली, त्याला त्यांनी विचारलं, "आज वार कुठला?" चौथ्या दिवशी ॲपवर शेरा उमटला: एक तारा, 'भाकरी चामड्यासारखी'. मला वाचून दाखवायचा धीर होईना, पण माझा चेहरा लपवण्यात मी जन्मभर नापास आहे.

"वाचा," वहिनी म्हणाल्या. मी वाचलं.

त्यांनी परातीतलं पीठ मळायचं थांबवलं. "खरं बोललाय. भाकर तव्यावरनं ताटात. डब्यात कोंडली का घामेजते." मग हात धुतले. "बंद करा ते भावजी. एकदा चामडं म्हनाला ना कुनी, आता मला थापताना तेच आठवल."

मी खाणावळ मोबाईलवरून उतरवली. घरी येऊन दिवा न लावता बसलो. चांगली एक पंगत शिल्लक होती, तिच्यावर एक तारा मीच आणून चिकटवला होता. गणपतीपर्यंत बघणार होत्या, आता तेवढंही बघतील असं वाटेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळचा डबा आलाच नाही. मी घाबरून पडवीत गेलो, तर पडवीच्या भिंतीला ओळीने चार चौकोनी पेट्या टेकवलेल्या. आत मिनिडोरवाला आणि त्याच्यासारखे तीन स्वार, गुडघ्याला गुडघा लावून. वहिनींना माझ्या डब्याची आठवणही नव्हती.

एका स्वाराचा फोन वाजत होता. त्याने भाकरी खाली न ठेवता तो उचलला. "हां साहेब, तुमचंच हाय माज्याकडं... मावशीकडं हाय... जेवतोय ओ, दोन घास ऱ्हायलेत."

पाच मिनिटांत ते साहेब स्वतः आले, पायांत स्लीपर, तोंडावर राग. मागल्या आळीतल्या खोलीवरचाच, महिन्याभरापूर्वीपर्यंत पहिल्या पंगतीत बसणारा. तो पेटीतून आपली बिर्याणी मागणार, इतक्यात वहिनींनी तव्यावरची भाकरी उलटली. वास सगळ्या पडवीभर गेला. तो दारातच थांबला.

"आत ये नायतर बाहेर जा," वहिनी म्हणाल्या. "वारा येतोय चुलीवर."

तो आत आला. बिर्याणी त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी खाल्ली म्हणे. तिसऱ्या दिवशी तो आणखी एकाला घेऊन आला.

पूर्वीसारख्या भरगच्च दोन पंगती काही झाल्या नाहीत. खरं सांगायचं तर दीड झाली. कूपन असेल त्या दिवशी सव्वा. ज्यांना घरात बसून बटर रोटी हवी ते ती मागवतातच, आणि ती आणून देणारे स्वार आधी वहिनींकडे जेवून मग पुढे जातात. पण त्या शनिवारी मी कट्ट्यावर बसलो असताना आतून मुंबईच्या लेकाशी चाललेलं बोलणं ऐकू आलं: "नाय रे, गनपतीनंतर बी नाय जमनार. मानसं ताटकळत बसतात माझ्या दारात." कट्ट्यावर त्या वेळी ताटकळत बसलेला मी एकटाच होतो, पण मी माणसांत मोडतो हे ऐकून बरं वाटलं.

पंधराव्या दिवशी बायको पोलादपूरहून परतली. एसटीतून उतरून ती आधी वहिनींकडे गेली, अर्धा तास बसली, मग घरी आली. मी चहा केला आणि नम्रपणे, तारा वगळून, खाणावळ कशी वाचवली ते तिला सांगितलं.

तिने कप खाली ठेवला. "वाचवली नाहीत हो तुम्ही. तुमच्यापासून वाचली ती. आईचा डोळा डॉक्टरांना दाखवायला मला मंगळवारी परत जायचंय. तेव्हा मदत करायची एवढीच हौस असेल, तर मोबाईल इथे ठेवून जा आणि ताटं वाढा."